अँटवर्पचं छापखान्याचं घर



लेक ब्रुसेल्सला नोकरीला आहे, म्हणून जूनमध्ये तिच्याकडे महिनाभर जाऊन आले. परतल्यावर सगळ्यांचा एकच प्रश्न, "पॅरिस पाहिलंस का?" पाहिलं. पण मनात राहिलं ते अँटवर्प, आणि तिथलं एक घर.

आधी जाण्याचं सांगते. बेल्जियमला शेंगेन व्हिसा लागतो. ब्रुसेल्सहून रेल्वेने पाऊण तासात अँटवर्प येतं. १९०५ साली सुरू झालेलं तिथलं मध्यवर्ती स्टेशन म्हणजे घुमटाचा राजवाडाच. गाड्या एकाखाली एक अशा मजल्यांवर थांबतात. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे रात्रिभोजनत्यागाची अडचण येत नाही. मात्र तिकडचे प्रसिद्ध बटाट्याचे तळण घेऊ नका. कंदमुळाचा प्रश्न आहेच, शिवाय जुन्या पद्धतीत ते गाईबैलांच्या चरबीत तळतात. मी दशम्या, शेंगाची चटणी आणि भडंग नेलं होतं. स्टेशनच्या शेजारीच हिऱ्यांचा बाजार आहे. त्या व्यापारात पालनपूरकडचे जैन १९६०च्या दशकापासून आहेत, आणि त्यांनी विलरैक या उपनगरात पार्श्वनाथांचं संगमरवरी मंदिर बांधलं आहे. सकाळी तिथे दर्शन घेतलं आणि मग जुन्या गावात गेलो.

हे गाव स्खेल्डे नदीच्या काठचं. १५०१ पासून पोर्तुगीज जहाजांतून आपल्या मलबारची मिरी इथे उतरू लागली, आणि पुढच्या साठ वर्षांत युरोपातला सगळा पैसा जणू याच धक्क्यावर आला. वस्ती लाखाच्या घरात गेली. त्या भरभराटीत, १५४८-४९च्या सुमाराला, ख्रिस्तोफ प्लांटिन नावाचा फ्रेंच माणूस बायकोमुलीसह इथे आला. पुस्तकं बांधायची, चामड्याच्या पेट्या करायच्या, हा त्याचा धंदा. १५५५ साली रात्रीच्या अंधारात काही जणांनी भलताच माणूस समजून त्याला भोसकलं. बारीक हातकाम जमेना, म्हणून तो छपाईकडे वळला. त्याने छापलेलं पहिलं पुस्तक कशावर होतं, सांगू? घरंदाज मुलीला शिक्षण कसं द्यावं, यावर!

शुक्रवारचा बाजार नावाच्या चौकात त्याचं घर आहे. आता तिथे प्लांटिन-मोरेटस संग्रहालय आहे. (सोमवारी बंद असतं, लक्षात ठेवा.) मधे चौकाचं अंगण, त्याभोवती खोल्या. पुढे दुकान, मागे छापखाना, वर ग्रंथालय. आपल्याकडे पेठेतल्या व्यापाऱ्याचा वाडा असतो ना, तसंच. जगातली सर्वांत जुनी दोन छपाई यंत्रं इथे आहेत, साधारण १६०० सालची. काही खोल्यांच्या भिंती सोनेरी नक्षीच्या चामड्याने मढवलेल्या आहेत. तिथून मी भरभर पुढे गेले.

थांबले ते मुद्रितं तपासणाऱ्यांच्या खोलीत. खिडकीपाशी ओकचं जुनं मेज आहे. छपाईत चूक राहू नये म्हणून एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने छापलेल्या कागदावर नजर ठेवायची, ही रीत होती. आणि वाचायला कोण? प्लांटिनच्या मुली. त्याला पाच मुली होत्या. १५७० साली त्याने एका पत्रात लिहिलं आहे की, थोरल्या चौघी पाळीपाळीने, बाराव्या वर्षापर्यंत, मुद्रितं वाचायला मदत करत असत. त्या वेळी छापखान्यात त्याच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम चालू होतं: पाच भाषांतलं बायबल, आठ मोठे खंड. हिब्रू, अरमाइक, सिरियाक, ग्रीक आणि लॅटिन. चौथी मॅग्दालेना तेरा वर्षांची. ती छापलेले कागद घेऊन संपादक विद्वानाच्या घरी जाई आणि मूळ पाठ वाचून दाखवी. दुसरी मार्टिना लेसच्या व्यापारात तयार झाली आणि छापखान्यातल्याच यान मोरेटसशी तिचं लग्न झालं. वडिलांमागे छापखाना या दोघांकडे आला. नवरा १६१०मध्ये गेल्यावर मालकी तिच्याकडे आणि काम मुलांच्या हाती. पुढे सुमारे शंभर वर्षांनी याच घराण्यातली आना मारिया द नफ ही सून विधवा झाली आणि १६९६पासून अठरा वर्षं तिनेच छापखाना चालवला.

मधे काय काय झालं! १५७६मध्ये पगार थकलेल्या स्पॅनिश सैनिकांनी गाव लुटलं, जाळलं. प्लांटिनला पुनःपुन्हा खंडणी भरावी लागली. १५८५मध्ये स्पेनने गाव जिंकलं, नदीतून समुद्राकडे जाणारी वाट बंद झाली आणि चार वर्षांत जवळपास निम्मी माणसं गाव सोडून गेली. पण हे घर राहिलं. तीनशे वर्षं एकाच कुटुंबाने ते सांभाळलं आणि १८७६मध्ये शहराला विकलं, तेव्हा यंत्रांसोबत जमाखर्चाच्या वह्या आणि पत्रंही दिली. मुली वाचत होत्या हे आपल्याला त्या पत्रामुळेच कळतं. कुणी ते पत्र केर म्हणून काढलं असतं तर मॅग्दालेना झालीच नव्हती, असं झालं असतं.

त्या मेजापाशी मला मिरजेच्या लक्ष्मीबाई आठवल्या. मी निघायच्या आधीच श्रुतपंचमी झाली होती, आणि प्रवचनात त्यांची कथा ऐकली होती. षट्खंडागमावरच्या धवला टीकेच्या ताडपत्रांच्या प्रती शतकानुशतकं मूडबिद्रीच्या बसदीत होत्या. दर्शन मिळे, वाचायला मिळत नसे. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांच्या खटपटीने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नक्कल करायला सुरुवात झाली. त्या कामावर मिरजेचे गजपती उपाध्याय होते. नक्कल बसदीबाहेर न्यायची मुभा नव्हती. तेव्हा त्यांनी आपल्या विदुषी पत्नीच्या, लक्ष्मीबाईंच्या मदतीने, गुपचूप कन्नड लिपीत आणखी एक प्रत तयार केली. तीच प्रत पुढे उत्तरेत गेली, तिच्यावरून नकला झाल्या, आणि १९३९ साली अमरावतीहून डॉ. हिरालाल जैन यांनी धवलाचा पहिला भाग छापून प्रसिद्ध केला. शास्त्र छापूच नये, असं म्हणणारी मंडळीही आपल्या समाजात पुष्कळ होती. गुपचूप नक्कल करणं बरोबर की चूक, यावर आमच्या मंडळात वाद झाला होता. पण हजारो पानं लिहिणाऱ्या त्या बाईचा हात दुखला असेल, हे तेव्हा कुणाच्याच मनात आलं नाही. माझ्याही नाही.

आता माझं सांगते, कारण ते लपवून हा लेख लिहिता येणार नाही. माझ्या सासूबाई चौथी शिकलेल्या. पण रोज दुपारी स्वाध्यायाला बसत आणि प्रवचनात ऐकलेलं वहीत उतरवत. व्रतांचे दिवस, उद्यापनाचा खर्च, कोणाच्या घरी काय झालं, सगळं त्याच वह्यांत. अकरा-बारा वह्या होत्या. त्या गेल्यावर घराला रंग काढला, तेव्हा मी माळा आवरला. पोथ्या वेष्टनात बांधून नीट ठेवल्या. आणि वह्या? रद्दीत दिल्या. पोथी पवित्र आणि वही म्हणजे कागद, असं मला वाटलं.

त्या मेजापुढे उभी असताना मला रडू आलं. लेकीला वाटलं, पाय दुखताहेत. तिला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, आजीची एक वही माझ्याकडे आहे. बारावीला असताना मागच्या कोऱ्या पानांवर गणितं करायला घेतली होती. पुढची पानं आहेत की तशीच."

ती वही मी घेऊन आलेय. एका बाजूने सासूबाईंची दशलक्षण पर्वाची टिपणं, दुसऱ्या बाजूने नातीची गणितं. आता रोज दुपारी एक पान स्वच्छ उतरवून काढते. अक्षर लागत नाही तिथे नणंदेला फोन करते. ती आठवून सांगते, आणि कधीकधी दोघी गप्प होतो.

मैत्रिणींनो, अँटवर्पला जमलं तर जरूर जा. पण त्याआधी आपल्या घरचा माळा बघा. श्रुतपंचमीला पोथ्यांची वेष्टनं बदलतो, तेव्हा आईच्या, सासूच्या वह्याही एखाद्या धुतलेल्या कापडात बांधून त्यांच्याशेजारी ठेवा.