गिरगाव ते घोडबंदर : आपण इथे कसे आलो?

स्मरणिका समितीने मला 'परिसराचा इतिहास' लिहायला सांगितला. ठाण्याचा इतिहास म्हटला की श्रीस्थानक, शिलाहार राजे, घोडबंदरचा किल्ला अशी सुरुवात करायची पद्धत आहे. ते सगळं खरंच आहे, पण आपल्या सोसायटीतलं एकही कुटुंब शिलाहारांमुळे इथे आलेलं नाही. आपण आलो गिरगावातून, लालबागमधून, दादर-परळहून; आणि येण्याआधी प्रत्येकाने दोन-चार उपनगरं पालथी घातली होती. म्हणून मी त्या निवडीचाच इतिहास लिहितो. बँकेत चौतीस वर्षं काढली, त्यातली सात कर्ज विभागात. त्यामुळे घर घेणारा माणूस मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिला आहे.

मुंबईचा मध्यमवर्गीय हौसेने उपनगरात गेला असं कोणी म्हटलं तर विश्वास ठेवू नये. पहिल्यांदा त्याला हलवलं प्लेगने. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सुरू झाला आणि १८९८ मध्ये सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर आखलेल्या वसाहती त्यातूनच झाल्या. हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी त्यातल्याच. तेव्हा दादर म्हणजे लांब! पुढे १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. ती देशातली पहिली मानली जाते, म्हणजे स्मरणिका काढणाऱ्या आपल्यासारख्या सगळ्या सोसायट्यांची पणजी म्हणायला हरकत नाही.

रेल्वे तर ठाण्याला १८५३ सालीच आली. बोरीबंदरहून ३४ किलोमीटर अंतर पहिल्या गाडीने ५७ मिनिटांत कापलं. (आजची स्लो लोकलही जवळपास तेवढाच वेळ घेते, हा भाग वेगळा.) पण गाडी आली म्हणून लगेच वस्ती आली असं झालं नाही. विजेच्या गाड्या १९२५ मध्ये कुर्ल्यापर्यंत, १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत आणि १९२९ मध्ये कल्याणपर्यंत धावू लागल्या, तेव्हा कुठे रोज ऑफिसला जाऊन संध्याकाळी घरी परतणं सोपं झालं. आणि गाडी पुरुषाला पुरायची, कुटुंबाला शाळा लागायची. पार्ल्यात १९२१ मध्ये टिळक विद्यालय निघालं, ठाण्यात १९३५ मध्ये विद्या प्रसारक मंडळ. मराठी घरं या दोन्ही गावांकडे का वळली, याचं निम्मं उत्तर त्यात आहे.

तरीही चाळ सुटत नव्हती. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. आमच्या गिरगावातल्या दोन खोल्यांचं भाडं महिन्याच्या पेपरच्या बिलापेक्षा कमी होतं. एवढ्या भाड्यात मालक दुरुस्ती कशाला करतो? आणि नवी भाड्याची घरं तरी कोण बांधतो? म्हणजे बाहेर पडायचं तर विकतच घ्यायला हवं. बरं, विकत घ्यायला कर्ज कोण देणार? फ्लॅट मालकीचा कायदा १९६३ चा, पण घरासाठी कर्ज देणारी एचडीएफसी निघाली १९७७ मध्ये, आणि नॅशनल हाउसिंग बँक १९८८ मध्ये. त्याआधी सामान्य पगारदाराची मदार सोसायटी, प्रॉव्हिडंट फंड आणि बायकोचे दागिने यांच्यावर.

कर्ज विभागात असताना एक गोष्ट ध्यानात आली. माणसं नकाशा पाहून उपनगर निवडत नाहीत, आधी गेलेल्या माणसाच्या मागे जातात. एकाने डोंबिवलीला घेतलं की सहा महिन्यांत त्याच ऑफिसातले चार अर्ज डोंबिवलीचे. आपल्या बी विंगमध्ये लालबागच्या एकाच गल्लीतली सात घरं आहेत, ती अशीच आली. दुसरं म्हणजे खोली एक आणि भाऊ तीन. पागडीचे पैसे तिघांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला जेवढं येईल, तेवढ्यात जिथे बसेल तिथे जायचं. धाकटा बहुतेक सगळ्यात लांब. पागडी तेव्हा कायद्याने गुन्हा होती. नव्या भाडे नियंत्रण कायद्याने २००० पासून तिला मान्यता मिळाली. तोपर्यंत "मार्जिन मनी कुठून आणलं?" या आमच्या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असे : "गावची जमीन विकली." कोकणात एवढी जमीन आहे हे मला कर्ज विभागात कळलं!

आता आमचं. १९९४-९५ मध्ये मुंबईतले भाव आकाशाला भिडले होते. नंतर ते खाली आले आणि बरीच वर्षं खालीच राहिले. त्यातच १९९९ च्या अर्थसंकल्पाने गृहकर्जाच्या व्याजावरची वजावट ३० हजारांवरून ७५ हजारांवर नेली. पुढच्या दोन वर्षांत ती दीड लाख झाली. आपली सोसायटी २०००ची आहे, हा योगायोग नव्हे.

आम्ही १९९७ पासून दर रविवारी जागा बघत होतो. मुलुंड मला पसंत होतं. पण १९५७ मध्ये मुंबईची हद्द मुलुंडपर्यंत वाढवली गेली आणि त्या रेषेने पुढचे सगळे भाव ठरवले. चेकनाक्याच्या अलीकडे जो भाव, तो पलीकडे घोडबंदर रोडला जवळपास निम्मा. मुलुंड आमच्या हिशेबात बसेना. राहिली डोंबिवली, बोरिवली आणि ठाणे.

इथे निर्णय सौ.ने केला. तिची नोकरी फोर्टात. ती म्हणाली, "रविवारी सगळीच उपनगरं छान दिसतात. मला सोमवारची सकाळ बघायची आहे." आणि तिने ती खरोखर पाहिली. डोंबिवलीला मावसबहिणीकडे, बोरिवलीला माझ्या बहिणीकडे आणि ठाण्याला ऑफिसातल्या मैत्रिणीकडे ती प्रत्येक ठिकाणी दोन-दोन रात्री राहिली आणि सकाळी तिथून ऑफिसला गेली. किती वाजता दार ओढलं, गाडी किती वाजता मिळाली, बसायला मिळालं का, मस्टरवर सही किती वाजता, सगळं डायरीत. डोंबिवलीला दोन गाड्या सोडून तिसरीत चढायला मिळालं, तेही दारात. बोरिवलीहून बसायला मिळालं, पण चर्चगेटहून तिच्या ऑफिसपर्यंत बरीच चाल होती. ठाण्याहून सुटणारी लोकल मिळाली, खिडकी मिळाली नाही, पण चौथी सीट मिळाली. डोंबिवलीचा फ्लॅट आम्हाला बराच स्वस्त पडला असता. तिने रोजच्या जादा वेळाला वर्षाच्या दिवसांनी आणि निवृत्तीपर्यंतच्या वर्षांनी गुणलं आणि कागद माझ्यापुढे ठेवला. व्याजाची गणितं मी आयुष्यभर केली, पण ते कोष्टक माझ्या कोणत्याच फॉर्ममध्ये नव्हतं. माझ्यासमोर बसून गेलेल्या शेकडो अर्जदारांच्या बायकांनी ते मनातल्या मनात मांडलं असेल, पण सही करताना त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

आईचा प्रश्न निराळा होता. तिचं वय ७६, त्यातली बावन्न वर्षं त्या चाळीत. तिला पाणी, लिफ्ट, डोंगराचा वारा कशाचंच अप्रूप नव्हतं. "दाराला कडी लावून बसायचं, ते घर कसलं?" एवढंच ती म्हणायची. चाळीत गॅलरीत उभं राहिलं की दिवस जायचा. इथे आल्यावर तिने चार महिने आमचं दार उघडं ठेवलं. मग एके दिवशी खाली जाऊन वॉचमनच्या खुर्चीवर बसली. आठवडाभरात सी विंगमधल्या दोघी तिच्याशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून बसू लागल्या. आपल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्याची सुरुवात ती. कट्ट्यावरच्या फलकावर लिहिलेली स्थापनेची तारीख त्यानंतर तीन वर्षांची आहे, हे नोंदवून ठेवतो.

टँकरची दोन वर्षं, रात्री साडेदहानंतर न मिळणारी रिक्षा, येऊरकडून बिबट्या आल्याच्या अफवा, हे इतरांनी लिहिलंच असेल. मी एवढंच सांगतो की तेव्हा बसने स्टेशन पंचवीस मिनिटांवर होतं. आता मेट्रोच्या खांबांमधून तासही लागतो. सौ.चं कोष्टक आज मांडलं तर उत्तर वेगळं येईल. पण आपल्या मुलांना त्याची गरजही उरलेली नाही. कोणी ऐरोलीला जातं, कोणी आठवड्यातून तीन दिवस घरूनच काम करतं, कोणी हिंजवडीला कायमचं गेलं.

सध्या पुनर्विकासाची प्राथमिक चर्चा चालू आहे. कमिटीने दिलेल्या फॉर्ममध्ये 'बांधकामाच्या काळात तात्पुरत्या निवासासाठी पसंतीचा विभाग' असा रकाना आहे. सत्तरीपुढच्या बहुतेक सभासदांनी तो कोरा सोडला आहे. डॉक्टर कुठे, लिफ्ट आहे का, कट्ट्यावरची चार माणसं एकाच गल्लीत राहू शकतील का, हे विचारायला त्या फॉर्मवर जागाच नाही. सौ.ने आमच्या फॉर्मला एक पान जोडलं आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेआधी इतरांनीही जोडावं. पानं ऑफिसमध्ये मिळतील.