पुतळा समाजाचा, पण शिल्पावरचा हक्क कोणाचा?

कोल्हापूरच्या बिंदू चौकात 9 डिसेंबर 1950 रोजी, बाबासाहेबांच्या हयातीतच, त्यांचा आणि महात्मा फुल्यांचा पुतळा बसला. भाई माधवराव बागल यांचा त्यात पुढाकार होता. आज गावोगावी पुतळे उभे राहतात, विहारांच्या भिंती रंगतात. कोनशिलेवर पाहुण्यांची नावे येतात, कलाकाराचे मात्र अनेकदा राहून जाते. कायदा काय सांगतो, ते कार्यकर्त्यांना माहीत हवे.

कॉपीराइट कोणाकडे?
पुतळ्याची मालकी आणि त्याचा कॉपीराइट या वेगळ्या गोष्टी आहेत. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 नुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, काम देणाऱ्याकडे जातो. शिल्पाला हा नियम नाही. शासकीय किंवा नोकरीतील काम वगळता तो शिल्पकाराकडेच राहतो. विनामोबदला भिंत रंगवणाऱ्या तरुणाचा हक्कही त्याचाच. मुदत कलाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे.

फोटो आणि नक्कल
सार्वजनिक जागी कायम बसवलेल्या शिल्पाचा फोटो काढून प्रसिद्ध करायला कलम 52 मुभा देते. त्यावरून दुसरा पुतळा ओतणे या सवलतीत बसत नाही. भित्तिचित्राच्या फोटोला तर ही सवलत स्पष्टपणे दिलेलीच नाही. मुंबईत माहीमचे एक भित्तिचित्र विमा कंपनीच्या जाहिरातीत आले, तेव्हा 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने समाजमाध्यमांवरील पोस्ट काढायला लावल्या.

नाव आणि सन्मान
कॉपीराइट विकला तरी आपले नाव लावण्याचा आणि कलाकृतीच्या विद्रूपीकरणाला हरकत घेण्याचा हक्क कलम 57 नुसार कलाकाराकडे राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सहगल यांचे भित्तिशिल्प 1979 मध्ये काढून गोदामात टाकले गेले. 1992 मध्ये त्यांनी दावा लावला. 2005 मध्ये न्यायालयाने अवशेष परत करण्याचा आणि 5 लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. वास्तुविशारद राज रेवाल यांना मात्र 2019 मध्ये दिलासा मिळाला नाही. त्यांची हॉल ऑफ नेशन्स ही इमारत पूर्ण पाडली होती, आणि मालकाला पाडण्यापासून वास्तुविशारद रोखू शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

आपण काय करावे?
हक्कासाठी नोंदणी सक्तीची नाही. कलम 62 मुळे कलाकार स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या न्यायालयात दावा लावू शकतो. तरीही सहगल यांना 13 वर्षे लागली, हे विसरू नये. म्हणून पुतळा समितीने आधीच लेखी करार करावा: मोबदला, प्रतिकृती, दुरुस्ती, स्थलांतर आणि कोनशिलेवर कलाकाराचे नाव. श्रमाला मान द्या, असे आपण इतरांना सांगतो. त्याची सुरुवात आपल्याच चौकातून व्हावी.