संसेदज योनी आणि जीवोत्पत्तीचा शोध

मज्झिम निकायातील बाराव्या, म्हणजे महासीहनाद सुत्तात तथागतांनी सारिपुत्तास चार योनी सांगितल्या आहेत : अंडज, जलाबुज, संसेदज आणि ओपपातिक. अंड्यातून निपजणारे ते अंडज, गर्भाशयातून जन्मणारे ते जलाबुज. तिसऱ्या योनीचे विवरण करताना सडलेली मासळी, कुजलेले प्रेत, आंबलेले अन्न, सांडपाण्याचे डबके अशा जागांचा निर्देश येतो. ओलाव्यात आणि कुजण्यात आपोआप निपजणारे जीव म्हणजे संसेदज. मराठी वाचकांना परिचित असलेल्या चार खाणींपैकी ‘स्वेदज’ ती हीच.

हा समज केवळ भारतीय नव्हता. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने ईल नावाचा मासा चिखलातून उत्पन्न होतो असे लिहून ठेवले, आणि युरोपातील विद्वानांनी ते सुमारे दोन हजार वर्षे मानले. डोळ्यांना तसेच दिसत होते, हे लक्षात घेतले पाहिजे. मांस उघडे ठेवावे आणि दोन-चार दिवसांनी त्यात अळ्या वळवळाव्यात, हा अनुभव कोणाला नव्हता?

आपल्यातील काही उत्साही वक्ते असे सांगताना आढळतात की, विज्ञानाने जे जे शोधले ते ते त्रिपिटकात पूर्वीच सांगितलेले आहे. त्यांना संसेदज योनीविषयी विचारले की अडचण होते. प्रस्तुत लेखकाच्या मते येथे अडचण वाटण्याचे कारण नाही. त्या सुत्ताचा विषय प्राणिशास्त्र नव्हे. योनींची ही यादी त्या काळच्या सर्वमान्य ज्ञानातून आलेली आहे. ते ज्ञान चुकीचे ठरले. ते कसे ठरले, हा इतिहास मात्र जाणून घेण्यासारखा आहे.

फ्लॉरेन्सच्या मेदिची दरबारातील वैद्य फ्रान्चेस्को रेदी यांनी १६६८ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी साप, नदीतील मासे, ईल आणि वासराचे मांस निरनिराळ्या बरण्यांत ठेवले. काही बरण्या उघड्या ठेवल्या, काही घट्ट बंद केल्या. उघड्या बरण्यांत अळ्या झाल्या, बंद बरण्यांत झाल्या नाहीत. हवा कोंडल्यामुळे असे घडले, असा आक्षेप येणार हे जाणून त्यांनी काही बरण्यांवर केवळ तलम जाळीचे कापड बांधले. हवा आत जात होती, माश्या जात नव्हत्या. मांसात अळ्या झाल्या नाहीत. म्हणजे अळ्या कुजण्यातून नव्हे, तर माशीने घातलेल्या अंड्यांतून येतात. आश्चर्य असे की, झाडांच्या गाठींत सापडणारे कीटक ती झाडेच निर्माण करतात, असे रेदी स्वतः मानीत राहिले. एका ठिकाणी मोडलेला समज मनाच्या दुसऱ्या कोपऱ्यात टिकून राहतो.

पुढे लीवेनहूक यांच्या सूक्ष्मदर्शकाने अतिसूक्ष्म जीवांचे जग उघडले आणि जुना वाद तेथे सरकला. रश्शात हे जीव आपोआप होतात, असे नीडहॅम यांनी १७४५ च्या सुमारास सांगितले. रस्सा अधिक वेळ उकळून भांडे नीट बंद केले तर होत नाहीत, असे स्पालान्झानी यांनी दाखविले. निकाल लागला नाही.

निर्णायक झुंज फ्रान्समध्ये झाली, आणि तिच्यात केवळ विज्ञान नव्हते. १८५९ साली डार्विन यांचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी रूआँ येथील निसर्गशास्त्रज्ञ फेलिक्स पूशे यांनी स्वयंजननाच्या बाजूने मोठा ग्रंथ लिहिला. १८६२ मध्ये क्लेमांस रॉयर या विदुषींनी डार्विनच्या ग्रंथाचा फ्रेंच अनुवाद केला व त्यास चर्चवर कठोर टीका करणारी प्रस्तावना जोडली. जड द्रव्यातून जीव आपोआप होत असेल तर निर्मात्याची गरज काय, हा प्रश्न पॅरिसमध्ये उघडपणे विचारला जाऊ लागला. लुई पाश्चर यांनी ७ एप्रिल १८६४ रोजी सोर्बोन येथील व्याख्यानात हाच प्रश्न श्रोत्यांपुढे मांडला आणि मग आपल्या प्रयोगांनी स्वयंजनन खोडून काढले. हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीच्या चंबूत उकळलेला द्रव त्यांनी ठेवला होता. हवा आत येई, पण धूळ नळीच्या वळणात अडके, आणि द्रव निर्मळ राही.

ज्याला निर्माता ईश्वर मान्य नाही अशा वाचकाची सहानुभूती पूशे यांच्याकडे झुकणे स्वाभाविक आहे. परंतु प्रयोगाचा प्रश्न सहानुभूतीने सुटत नाही. (स्वतः पूशे नास्तिक नव्हते, हेही येथे नमूद करावयास हवे.) त्यांच्यावर अन्यायही झाला. त्यांनी पिरेनीज पर्वतावर नेलेल्या चंबूंतील गवताच्या काढ्यात जीव खरोखरच वाढले होते. अकादमीने नेमलेल्या समितीपुढील प्रयोगांच्या अटी त्यांना मान्य झाल्या नाहीत आणि त्यांनी माघार घेतली. गवतातील काही जिवाणूंचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत, ही गोष्ट फर्डिनांड कोन आणि जॉन टिंडल यांच्या संशोधनातून १८७६-७७ मध्ये स्पष्ट झाली. पूशे यांचे निरीक्षण खरे होते. अनुमान चुकले होते.

मग पहिला जीव कोठून आला? पाश्चर यांच्या विजयाने हा प्रश्न निर्मात्याच्या हवाली केला, असे अनेकांना वाटले. डार्विनही या बाबतीत कचरले होते. आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी शेवटी निर्मात्याचा उल्लेख घातला. लोकमतापुढे वाकून आपण तो शब्द वापरला याचा खेद त्यांनी १८६३ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र हूकर यांना पत्राने कळविला. त्याच मित्राला १ फेब्रुवारी १८७१ रोजी लिहिलेल्या पत्रात त्यांनी एक कल्पना मांडली : एखाद्या कोमट डबक्यात अमोनिया, फॉस्फेट, उष्णता, वीज यांच्या योगाने प्रथिनासारखे द्रव्य तयार झाले असेल, आज तसे झाले तर अस्तित्वात असलेले जीव ते तत्काळ खाऊन टाकतील, परंतु जीव निर्माण होण्यापूर्वी तसे होण्याचा प्रश्न नव्हता.

येथे प्रश्नाचे स्वरूप पालटले. ‘कोणी केले’ हे मागे पडले व ‘कोणत्या प्रत्ययांमुळे झाले’ हे पुढे आले. प्रतीत्यसमुत्पादाच्या परिचयामुळे आपल्या वाचकांना ही विचारसरणी परकी वाटू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात जग निर्मिलेले नसून विकसित झालेले आहे, ही बुद्धांची भूमिका मांडली आहे. तिला पूशे यांच्या विजयाची आवश्यकता नव्हती.

मॉस्कोत ओपारिन यांनी १९२४ मध्ये आणि इंग्लंडमध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२९ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, या प्रत्ययांची मांडणी केली. आदिम वातावरणात मुक्त प्राणवायू नव्हता. त्यामुळे सूर्याची अतिनील किरणे आणि वीज यांच्या परिणामाने तयार झालेली सेंद्रिय द्रव्ये नष्ट न होता समुद्रात साचत गेली. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, पुढे भारताचे नागरिक झाले आणि १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे निधन पावले.

१९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात हॅरॉल्ड यूरी यांचे विद्यार्थी स्टॅन्ली मिलर यांनी मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ यांच्या मिश्रणात विजेच्या ठिणग्या पाडल्या. काही दिवसांत ग्लायसिन, ॲलनिन अशी अमिनो आम्ले मिळाली. आदिम वातावरण नेमके असेच होते काय, याविषयी पुढे शंका घेतल्या गेल्या, आणि अमिनो आम्ल म्हणजे जीव नव्हे. जड द्रव्यापासून जिवंत पेशी आजवर कोणत्याही प्रयोगशाळेत घडविता आलेली नाही. मिलर यांचे २००७ मध्ये निधन झाले. त्यांनी जपून ठेवलेल्या जुन्या कुप्यांची नव्या उपकरणांनी पुन्हा तपासणी करून २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध करण्यात आले. ज्वालामुखीच्या वाफेचे अनुकरण करणाऱ्या त्यांच्या एका प्रयोगाच्या अवशेषांत २२ अमिनो आम्ले आढळली होती. स्वतः मिलर यांना त्यांतील थोडीच ओळखता आली होती.