माशाचं तेल, पांढरी बोटं आणि एक जॉइन

मंडळी, आज कोड नाही, थोडा इतिहास. टेक्स्ट मायनिंग म्हटलं की आपल्याला सर्व्हर आणि ढीगभर डेटा आठवतो. पण वैद्यकीय शोधनिबंधांतून नवं काही खणून काढण्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण एका माणसाने मुख्यतः वाचून घडवलं. डॉन स्वॅन्सन. शिक्षणाने भौतिकशास्त्रज्ञ, पुढे शिकागो विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचे प्राध्यापक. डॉक्टर नव्हेत!

रेनॉड्स नावाचा एक त्रास असतो. थंडी लागली की बोटांच्या रक्तवाहिन्या आवळतात, बोटं पांढरी पडतात. त्यावरच्या निबंधांत लिहिलेलं होतं की काही रुग्णांचं रक्त जास्त दाट असतं, प्लेटलेट्स लवकर चिकटतात. दुसरीकडे, माशाच्या तेलावर काम करणारी मंडळी लिहीत होती की हे तेल नेमकं याच्या उलट करतं. दोन्हीकडचं छापील, उघड्यावर पडलेलं. पण हे त्यांचा संदर्भ देत नव्हते आणि ते यांचा. १९८६ मध्ये स्वॅन्सननी ही टोकं जोडली. आपल्या भाषेत, दोन टेबलांवर जॉइन. फक्त 'की' कुठली ते कुणी सांगितलेलं नव्हतं. १९८९ मध्ये एक छोटी चाचणी छापून आली आणि ज्यांना दुसऱ्या कुठल्या आजारामुळे नव्हे, तर नुसताच रेनॉड्स होता, त्यांना तेलाचा फायदा दिसला.

१९८८ मध्ये त्यांनी मायग्रेन आणि मॅग्नेशियम यांच्यात ११ दुर्लक्षित दुवे दाखवले. मग नील स्मालहायझर यांच्यासोबत 'अॅरोस्मिथ' हा प्रोग्राम आला. तो दोन विषयांच्या निबंधांच्या शीर्षकांतले समान शब्द काढून द्यायचा, बस्स. भाषा समजणं वगैरे काही नाही. त्यातलं कामाचं काय ते माणसाने निवडायचं.

भाषा समजायला गेलं की खरी डोकेदुखी सुरू. फळमाशीच्या एका जनुकाचं नावच 'व्हाइट' आहे, आता ओळखा रंग कुठला आणि जनुक कुठलं! त्याहून वाईट म्हणजे नकार. डॉक्टरांच्या नोंदींतले 'नाही' पकडायला २००१ मध्ये 'नेगेक्स' आलं. आत काय, तर रेग्युलर एक्स्प्रेशन्स. (हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.)

नकाराचं एवढं काय? १९९६ मध्ये मायग्रेन टाळण्यासाठी मॅग्नेशियम देऊन केलेल्या दोन चाचण्या एकाच नियतकालिकात छापून आल्या. एकीत फायदा दिसला, दुसरीत नाही. नुसते शब्द मोजणाऱ्या प्रोग्रामला दोन्ही निबंध सारखेच, दुवा उलट आणखी पक्का!

आज पबमेडवर साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत आणि भाषेची मॉडेल्स असे दुवे मिनिटाला शंभर सुचवतात. असं एखादं टूल बघताना मी आधी या दोन निबंधांचे सारांश त्याला वाचायला देतो.