मेसॉन: नाव राहिलं, कण निघून गेला

लोणी काळभोरहून बोलतेय. मागे सोलापूर रोडवरच्या टँकरचा आवाज येतोय, तेवढा सांभाळून घ्या.

आजचा भाग माझ्याच एका चुकीवर आहे. गेल्या वेळी आकाशातून सतत येणाऱ्या कणांबद्दल बोलताना मी 'म्यू-मेसॉन' म्हणाले. रात्री एका श्रोत्याचा मेसेज आला, "ताई, म्युऑन हा मेसॉन नसतोच." बघितलं तर त्याचं बरोबर होतं. पण मला टोचलं ते वेगळंच. तो शब्द मी आमच्या अण्णांच्या बीएस्सीच्या पुस्तकातून उचलला होता, आणि त्याच पुस्तकावर अण्णांनी गावातली कितीतरी पोरं शिकवली. म्हणजे अण्णा इतकी वर्षं चुकीचं शिकवत होते का?

शोधायला बसले, आणि पोचले थेट होमी भाभांपर्यंत.

गोष्ट सुरू होते १९३५ मध्ये. अणूच्या केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन एकमेकांना इतके घट्ट धरून कसे राहतात, हा प्रश्न होता. जपानच्या हिदेकी युकावांनी गणित मांडलं, की यासाठी एक नवा कण लागेल, इलेक्ट्रॉनच्या साधारण २०० पट जड. पुढच्याच वर्षी अमेरिकेत कार्ल अँडरसन आणि सेथ नेडरमायर यांना वैश्विक किरणांत जवळपास तसाच कण दिसला. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड असतो. म्हणजे प्रोटॉन थोरला, इलेक्ट्रॉन धाकटा, आणि हा नवा आला तो मधला.

आता बारसं! कुणी 'जड इलेक्ट्रॉन' म्हणे, कुणी 'बॅरिट्रॉन', कुणी 'युकॉन'. ग्रीकमध्ये मधल्याला 'मेसॉस' म्हणतात, म्हणून अँडरसननी 'मेसोटॉन' सुचवलं. त्यांचे गुरू रॉबर्ट मिलिकन यांना ते पटेना. इलेक्ट्रॉन बघा, न्यूट्रॉन बघा, दोन्हीत 'र' आहे, मग इथेही हवा! अँडरसन म्हणाले, मग प्रोटॉनचं काय? पण गुरूंपुढे कोण बोलणार? 'नेचर'ला तार करून तो 'र' घालायला सांगितला, आणि नाव झालं 'मेसोट्रॉन'.

इथे येतात भाभा. १९०९ मध्ये मुंबईत जन्मलेले, तेव्हा केंब्रिजमध्ये काम करणारे. १९३९ च्या फेब्रुवारीत 'नेचर'मध्येच त्यांनी मुद्दा मांडला: इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रॉनमधला 'ट्र' हा त्या शब्दांच्या मुळातच आहे. 'मेसॉस'मध्ये तो नाहीच, मग उगाच कशाला चिकटवायचा? सरळ 'मेसॉन' म्हणा. तर्कालाही धरून, आणि छोटंही.

गंमत म्हणजे ग्रीक 'मेसॉस' आणि संस्कृत 'मध्य' हे एकाच मुळातून आलेले शब्द आहेत. म्हणजे 'मेसॉन' हा आपल्या 'मधल्या'चा लांबचा भाऊच की!

नाव रुजलं. आणि मग कणानेच दगा दिला.

१९४७ मध्ये इटलीतल्या तीन शास्त्रज्ञांच्या प्रयोगातून कळलं, की या कणाला अणुकेंद्रकाशी फारसं देणंघेणंच नाही. केंद्रक बांधून ठेवणारा कण असा कसा असेल? त्याच वर्षी ब्रिस्टलमध्ये सेसिल पॉवेल, सेझार लाटेस आणि ज्युसेप्पे ऑकियालिनी यांना फोटोच्या खास पट्ट्यांवर उत्तर सापडलं. कण एक नव्हता, दोन होते. युकावांचा खरा कण 'पाय', आणि तो मोडला की निघतो तो 'म्यू'. अँडरसनना सापडला होता तो म्यू! दोन्ही वजनाने मधले, म्हणून दोघांनाही 'मेसॉन'च म्हणत राहिले. अण्णांच्या पुस्तकात हीच भाषा आहे.

पुढे शब्दाचा अर्थ सरकला. वजन बाजूला पडलं, वागणूक महत्त्वाची ठरली. १९६४ मध्ये क्वार्कची कल्पना आली, आणि मेसॉन म्हणजे एक क्वार्क आणि एक प्रतिक्वार्क यांची जोडी, असा अर्थ पक्का होत गेला. पाय त्यात बसला. म्यू बाहेर पडला, कारण तो इलेक्ट्रॉनच्याच घरातला, फक्त सुमारे २०७ पट जड. म्हणजे सुरुवातीला टाकून दिलेलं 'जड इलेक्ट्रॉन' हे नावच शेवटी खरं ठरलं! आणि ज्याच्यासाठी भाभांनी 'मेसॉन' हा शब्द घडवला, तोच कण आज मेसॉन नाही.

पण भाभांचं दुसरं म्हणणं टिकलं. म्युऑन सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगतो. प्रकाशाच्या वेगाने धावला तरी तेवढ्यात जेमतेम ६६० मीटर जाईल. मग कित्येक किलोमीटर उंचीवरून जमिनीपर्यंत पोचतो कसा? वेगात धावणाऱ्याचं घड्याळ आपल्याला हळू चालताना दिसतं, म्हणून. अशा कणाचं आयुष्य आपल्याला लांबलेलं दिसेल, हे भाभांनी १९३८ मध्येच सांगितलं होतं.

हे सगळं मी अण्णांना सांगितलं. ते पुस्तक हातात घेऊन थोडा वेळ गप्प बसले. मग पेन मागितलं, 'म्यू-मेसॉन' खोडलं नाही, शेजारी बारीक अक्षरात लिहिलं: 'आता म्युऑन'.

मला वाटतं, चूक दुरुस्त करायची ती अशी. जुना शब्द दिसत राहिला पाहिजे, म्हणजे आपण कुठून आलो ते कळतं.

आता हा भाग ऐकताना मोबाईल धरलेला तळहात जरा आडवा करा. साधारण दर सेकंदाला एक म्युऑन त्यातून आरपार जातोय. नाव काहीही द्या, त्याला फरक पडत नाही. भेटू पुढच्या भागात!