बीफ आणि चिकन : पोषणमूल्यांचा तौलनिक विचार

आजारातून उठलेला माणूस, बाळंतीण किंवा वाढत्या वयाचे मूल यांना ‘अंगाला लागेल असे’ काही द्यावे, हा विचार प्रत्येक घरात होतो. मांसाहारी घरात तो बहुधा दोन प्रश्नांवर येऊन थांबतो : बीफ द्यावे की चिकन? एकाने ताकद येते आणि दुसरे हलके असते, असे म्हणण्याची रीत आहे. या दोन्ही समजुतींत थोडे तथ्य आहे आणि थोडी गफलतही आहे. निर्णय चुकला तर त्याची किंमत रक्तक्षय असलेली स्त्री किंवा हृदयविकाराचा रुग्ण मोजतो. म्हणून दोन्ही मांसांचे आकडे शांतपणे समोर ठेवून पाहणे उपयोगाचे ठरते.

‘बीफ’ म्हणजे नेमके कोणते मांस?

तुलनेआधी शब्दाचा अर्थ ठरवावा लागतो, कारण आपल्या देशात तो राज्याची सीमा ओलांडली की बदलतो. मध्य प्रदेशात २००४ च्या गोवंश वध प्रतिबंध कायद्याने गाय, बैल, वळू आणि वासरू या सर्वांच्या कत्तलीवर बंदी आहे. त्यामुळे तापीकाठच्या बुऱ्हाणपूर शहरात, राजपुऱ्यासारख्या जुन्या वस्तीत, ‘बडे का गोश्त’ म्हणून कायद्याच्या चौकटीत जे मिळू शकते ते म्हशीचे किंवा रेड्याचे मांस. तेथून जवळ असलेल्या जळगाव जिल्ह्यातही स्थिती वेगळी नाही. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर आधीपासून बंदी होतीच. १९९५ साली विधिमंडळाने संमत केलेल्या दुरुस्तीला फेब्रुवारी २०१५ मध्ये राष्ट्रपतींची मान्यता मिळाली आणि बैल व वळूही त्या बंदीत आले. म्हैसवर्गीय जनावरे मात्र तिच्या बाहेर राहिली.

गोव्यात गोवधाला १९७८ च्या कायद्याने प्रतिबंध आहे. बैल, म्हैस आणि रेडा यांच्यासाठी १९९५ चा पशुसंरक्षण कायदा असून कत्तलीयोग्य असल्याचे प्रमाणपत्र मिळाल्यावरच परवानगी दिली जाते. उसगाव येथील गोवा मांस प्रकल्प हा राज्याचा अधिकृत कत्तलखाना आहे. जनावरे आणि मांस यांसाठी गोवा मोठ्या प्रमाणात कर्नाटकावर अवलंबून असल्याने, तेथील २०२० चा कडक कायदा जानेवारी २०२१ पासून अमलात येताच आपल्याकडील पुरवठा विस्कळीत झाला होता. थोडक्यात, गोव्यातील ताटातले बीफ बैलाचे असू शकते वा म्हशीचेही. बुऱ्हाणपुरातले मात्र म्हशीचेच. पोषणाच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

१०० ग्रॅम शिजवलेल्या मांसाचा हिशेब

पुढील आकडे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्नघटक कोशातील असून ते शिजवलेल्या मांसाचे आहेत. जनावराची जात, वय, चारा आणि मांसाचा भाग यांनुसार त्यांत कमी-अधिक होते. तरी तुलनेची दिशा त्यांतून स्पष्ट कळते.

– चिकन (छातीचा भाग, कातडीविना) : १६५ किलोकॅलरी, प्रथिने ३१ ग्रॅम, स्निग्धांश ३.६ ग्रॅम, त्यांपैकी संपृक्त सुमारे १ ग्रॅम, लोह १ मिलिग्रॅम, जस्त १ मिलिग्रॅम, जीवनसत्त्व बी-१२ सुमारे ०.३ मायक्रोग्रॅम.

– बीफ (१५ टक्के चरबी असलेला खिमा) : २५० किलोकॅलरी, प्रथिने २६ ग्रॅम, स्निग्धांश १५ ग्रॅम, त्यांपैकी संपृक्त सुमारे ६ ग्रॅम, लोह २.६ मिलिग्रॅम, जस्त ६.३ मिलिग्रॅम, बी-१२ सुमारे २.६ मायक्रोग्रॅम.

– म्हशीचे मांस (भाजलेले) : १३१ किलोकॅलरी, प्रथिने २७ ग्रॅम, स्निग्धांश १.८ ग्रॅम, त्यांपैकी संपृक्त ०.६ ग्रॅम, लोह २.१ मिलिग्रॅम, जस्त २.५ मिलिग्रॅम, बी-१२ सुमारे १.७ मायक्रोग्रॅम.

प्रथिने : फरक दर्जाचा नाही

तिन्ही मांसांत शरीराला लागणारी सर्व आवश्यक अमिनो आम्ले पुरेशा प्रमाणात असतात, त्यामुळे प्रथिनांच्या दर्जाच्या बाबतीत कोणतेही मांस कमी नाही. वेगळेपण आहे ते प्रथिनांसोबत येणाऱ्या उष्मांकांत. वरील आकड्यांवरून हिशेब केला तर १०० किलोकॅलरींमागे चिकनमधून सुमारे १९ ग्रॅम, चरबीयुक्त बीफमधून सुमारे १० ग्रॅम आणि म्हशीच्या मांसातून सुमारे २० ग्रॅम प्रथिने मिळतात. वजन आटोक्यात ठेवू पाहणाऱ्याला चिकन सुचवले जाते त्यामागचे कारण हेच. पण म्हशीचे चरबीविरहित मांस त्या कसोटीवर चिकनच्या बरोबरीने उतरते, हे सहसा कोणी सांगत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली सुचवलेले प्रमाण प्रौढांसाठी शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने असे आहे. ५५ किलो वजनाच्या स्त्रीला म्हणजे सुमारे ४६ ग्रॅम लागतात. डाळ, भात, पोळी, दूध यांतून त्यातला मोठा भाग येतच असतो. मांसाचे दोन-तीन तुकडे उरलेली तूट भरून काढतात. त्यासाठी वाडगाभर मांस खाण्याची गरज नसते.

लोह : खरा प्रश्न येथे आहे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांत आणि पाच वर्षांखालील ६७ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. गोव्यातील स्त्रियांतले प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा कमी असले तरी ते सुमारे ३९ टक्के आहे. मासे आणि मांस मुबलक असलेल्या राज्याला हा आकडा भूषणावह नाही.

प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम आणि पुरुषाला १९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावे, असे वरील शिफारशींत म्हटले आहे. या मापाने १०० ग्रॅम बीफमधील २.६ मिलिग्रॅम अगदी किरकोळ वाटते. परंतु केवळ आकड्यावर जाऊ नये. मांसातील लोहाचा एक भाग ‘हीम’ स्वरूपाचा असतो आणि आतडी त्याचा साधारण १५ ते ३५ टक्के अंश शोषून घेतात. पालेभाज्या, डाळी आणि धान्ये यांतील लोह दुसऱ्या प्रकारचे असते आणि त्याचे शोषण पुष्कळ कमी, अनेकदा १० टक्क्यांच्याही आत होते. तांबड्या मांसात हीम लोहाचे प्रमाण चिकनपेक्षा अधिक असते. मांसाचा तांबडा रंग देणाऱ्या मायोग्लोबिन या प्रथिनात हेच लोह असते. म्हणून कोंबडीच्या फिकट छातीपेक्षा गडद मांडीत लोह आणि जस्त थोडे जास्त सापडते.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. मांस कोणतेही असो, ते त्याच जेवणातील डाळ-भाजीतल्या लोहाचे शोषणही वाढवते. त्यामुळे वरण-भात, भाजी आणि सोबत चिकनचे थोडे तुकडे, हे जेवण नुसत्या चिकनच्या मोठ्या वाढणीपेक्षा अधिक शहाणपणाचे. त्यावर लिंबू पिळल्यास क जीवनसत्त्वामुळे शोषण आणखी सुधारते. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेला चहा मात्र हा लाभ हिरावून घेतो. तासाभराचे अंतर ठेवणे बरे. लोखंडी कढईत रस्सा शिजवला तर थोडे लोह भांड्यातूनही उतरते.

जस्त आणि जीवनसत्त्व बी-१२

रोगप्रतिकारशक्ती, जखमा भरणे आणि मुलांची वाढ यांसाठी जस्त लागते. त्यात बीफ चिकनच्या कितीतरी पुढे आहे. बी-१२ वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसतेच. प्रौढाची रोजची गरज दोन ते अडीच मायक्रोग्रॅम आहे. ती १०० ग्रॅम बीफमधून जवळपास पूर्ण होते, चिकनच्या छातीतून मात्र तिचा लहानसा अंशच मिळतो. हात-पाय बधिर होणे, सतत थकवा, विस्मरण अशी लक्षणे बी-१२ च्या अभावाने दिसू शकतात; त्यासाठी रक्ततपासणी करून घ्यावी. चिकन नियमित खातो म्हणून बी-१२ पुरेसे असणारच, असे गृहीत धरू नये. याउलट नायसिन आणि बी-६ ही जीवनसत्त्वे चिकनमध्ये अधिक असतात.

हृदय आणि आतडी : सावधगिरीची बाजू

संपृक्त स्निग्धांशांमुळे रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढते. १५ टक्के चरबीच्या बीफमध्ये तो अंश चिकनच्या सहापट भरतो. पण कातडीसह खाल्लेले चिकन, तेलात तळलेले तुकडे किंवा लोणी-मलईची ग्रेव्ही ही आघाडी बऱ्याच अंशी पुसून टाकतात. छातीचाच भाग कातडीसह भाजला तर स्निग्धांश ३.६ वरून सुमारे ८ ग्रॅमवर जातो. स्वतः मांसातील कोलेस्टेरॉल मात्र दोहोंत जवळजवळ सारखेच, १०० ग्रॅममागे ८५ ते ९० मिलिग्रॅम असते. म्हशीच्या मांसात ते सुमारे ६० मिलिग्रॅम.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये तांबड्या मांसाला ‘बहुधा कर्करोगकारक’ आणि प्रक्रिया केलेल्या मांसाला ‘कर्करोगकारक’ या गटात ठेवले. रोज ५० ग्रॅम प्रक्रियायुक्त मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा तिचा निष्कर्ष होता. तांबड्या मांसात गाय, बैल, म्हैस यांच्याबरोबरच बकरा आणि डुक्करही येतात, हे विसरू नये. ‘मटण चालते, बीफ नको’ या सल्ल्याला या बाबतीत आधार नाही. आपल्याकडील चोरीस आणि सॉसेजही प्रक्रियायुक्त मांसातच मोडतात. जागतिक कर्करोग संशोधन निधीने शिजवलेल्या तांबड्या मांसाची मर्यादा आठवड्याला ३५० ते ५०० ग्रॅम अशी सुचवली आहे. तीन वेळच्या बेताच्या वाढणीत ती पूर्ण होते. चिकन तांबड्या मांसात गणले जात नाही.

चिकनच्या बाजूची काळजी वेगळी आहे. ब्रॉयलर कोंबडी पाच-सहा आठवड्यांत विक्रीच्या वजनाला येते आणि अशा दाट पालनात प्रतिजैविकांचा वापर ही चिंतेची बाब ठरली आहे. माणसाच्या गंभीर संसर्गात शेवटचा उपाय म्हणून वापरले जाणारे कोलिस्टिन अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांना देण्यावर केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली, ती याच कारणाने. घरापुरता नियम साधा : कच्चे चिकन नळाखाली धुताना उडणाऱ्या थेंबांतून जंतू पसरतात, म्हणून ते धुण्याऐवजी नीट शिजवावे, आतपर्यंत किमान ७४ अंश सेल्सिअस तापमान पोहोचले पाहिजे. बीफच्या खिम्यासाठी हे मान ७१ अंश आहे.

कोणासाठी काय?

हृदयविकार, वाढलेले कोलेस्टेरॉल किंवा स्थूलता असल्यास कातडी काढलेले चिकन किंवा चरबी काढून टाकलेले म्हशीचे मांस योग्य ठरते. लोह, जस्त किंवा बी-१२ कमी असल्यास, आणि घरात ते खाल्ले जात असल्यास, आठवड्यातून एक-दोनदा तांबडे मांस अधिक उपयोगी पडते. मूत्रपिंडाच्या विकारात प्रथिनांचे एकूण प्रमाणच डॉक्टरांनी ठरवायचे असते. तेथे मांसाची जात दुय्यम. रक्तक्षय तीव्र असेल तर कोणतेही मांस लोहाच्या गोळ्यांची जागा घेऊ शकत नाही.

श्रद्धेमुळे किंवा कायद्यामुळे ज्यांच्या ताटात बीफ येत नाही, त्यांचे काही अडून राहत नाही. कोंबडीच्या काळजात लोह आणि बी-१२ बीफपेक्षाही कितीतरी जास्त असते. मात्र त्यातील अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या प्रमाणामुळे गर्भवतींनी ते टाळावे किंवा डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. गोमंतकीय स्वयंपाकघरातल्या तिसऱ्या बी-१२ ने समृद्ध असतात. अंडी, दूध आणि डाळी त्यांना जोड देतात.

रक्तातले हिमोग्लोबिन किती आहे, हे तपासायला सरकारी आरोग्य केंद्रात फारसा वेळ लागत नाही. बीफ की चिकन, या प्रश्नाचे उत्तर शोधण्याआधी तो आकडा हाती असावा.