गॅरेजमधलं कपाट

अमेरिकेत घराला लागून गॅरेज असतं आणि त्यातली कपाटं पुष्कळदा घरमालकानं स्वतःच ठोकलेली असतात. ही किमया प्लायवूडची.

लाकूड ओल शोषून आडव्या अंगानं फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. म्हणून जुना सुतार चौकटीच्या खाचेत फळी मोकळी बसवी. हे कसब यायला वर्षं लागत. प्लायवूडमध्ये पातळ पापुद्रे उभे-आडवे चिकटवतात. एकाची ओढ दुसरा धरून ठेवतो.

१९०५ मध्ये ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडच्या प्रदर्शनात एका कारखान्यानं फर लाकडाचं प्लायवूड मांडलं. रंगाच्या ब्रशानं सरस फासून, घरं उचलायच्या जॅकनं दाबलेलं! पुढं मोटारींच्या पायफळ्याही त्याच्या झाल्या. पण सरस ओल सोसेना आणि कारखानदार पत्र्याकडे वळले. १९३४ मध्ये जेम्स नेविन या रसायनतज्ज्ञानं पाण्यानं न सुटणारा सरस तयार केला. १९४६ मध्ये ब्लॅक अँड डेकर कंपनीनं घरगुती विजेचं ड्रिल आणलं. आता आठ बाय चार फुटांची शीट सरळ कापायची आणि स्क्रूनं जोडायची, एवढंच उरलं. १९५४ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकानं या छंदाला मुखपृष्ठ दिलं.

सुताराचं निम्मं कसब कारखान्यात गेलं, हे खरं. पण दिवसभर कचेरीत कागद खरडणाऱ्याला आपल्या हातची एक वस्तू मिळाली. आपल्याकडेही आठ बाय चारचीच शीट येते. ती कापायला मात्र बहुधा सुतारच बोलावला जातो.